गिरवणी

पाणीकोशावर लिहिणारा पाहुणा ४१७ आणि हर्षदा नाईकनवरे या दोन वेगळ्या व्यक्ती नाहीत, असा वळणमापनाचा निष्कर्ष होता. खात्री शंभरात त्र्याण्णव. खाली न्यायाधिकरणाचा शिक्का आणि हजर राहण्याची तारीख.

हर्षदाला आधी हसू आलं. दुकानाच्या मागच्या खोलीतून तिने हाक मारली, "अहो, ऐकलंत का? इतके दिवस मी मलाच शिकवत होते म्हणे!"

उमेश पुढे दुकानात एका जळालेल्या मोटरची तार सोडवत बसला होता. बोअरच्या मोटरी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. हात पुसत तो आत आला. कागद त्याने उभ्यानेच वाचला आणि संपल्यावर पुन्हा वरून सुरू केला.

"अर्जदार कोण आहे ते बघितलंस का?" त्याने विचारलं.

तिने बघितलं नव्हतं. अर्जदार कारखाना होता. मग तिचं हसू थांबलं.

पाणीकोशात जिल्ह्यातल्या प्रत्येक विहिरीचं, बोअरचं, टाकीचं एकेक पान होतं. कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं. सुरुवातीला हा हौशी लोकांचा उद्योग होता. पुढे पाण्याचे टँकर आणि तपासणी पथकं कुठे पाठवायची हे ठरवणारी सरकारी यंत्रणा थेट ही पानं वाचू लागली. पान लाल झालं की दुसऱ्या दिवशी गावात टँकर. म्हणून लिहिणाऱ्याला जपावं लागे. खातं न उघडता लिहिणाऱ्याला कोशावर पाहुणा म्हणत आणि एक क्रमांक देत. त्याला हाताशी धरणारा जुना सदस्य म्हणजे सोबती. सोबत्याला पहिला नियम असा, की पाहुण्याला नाव-गाव विचारायचं नाही. हर्षदा सहा वर्षं सोबती होती.

पाहुणा ४१७ ने गेल्या उन्हाळ्यात कासारखेड्याच्या विहिरींच्या पानांवर लिहिलं, की कारखान्याचं सांडपाणी गावाच्या वरच्या अंगाच्या कोरड्या बोअरमध्ये दाबाने सोडलं जातं. कुठल्या बोअरमध्ये, किती खोल, कुठल्या पाळीला, सगळं लिहिलं. पानं लाल झाली, पथक आलं, पाणी तपासलं गेलं आणि लिहिलेलं खरं निघालं. कारखान्याचे दोन विभाग बंद पडले. हे आतल्याच कोणाचं तरी काम होतं. कारखान्याला तो माणूस हवा होता.

शेजारच्या जिल्ह्यात असाच एक पाहुणा वळणमापनाने उघडा पडला होता. टँकरचा चालक होता. महिन्याभरात कालव्यात सापडला. पोलिसांत अपघाताची नोंद झाली. कोशाच्या चावडीवर, म्हणजे सगळ्या सदस्यांच्या चर्चेच्या पानावर, सोबत्यांनी त्यावर पुष्कळ लिहिलं आणि मग हळूहळू त्या विषयावर कोणी लिहिणं सोडलं.

---

न्यायाधिकरणाच्या छोट्या दालनात तिघंच होते: हर्षदा, कारखान्याचे वकील पारसनीस आणि वळणमापनाच्या तज्ज्ञ डॉ. मोघे. पारसनीसांनी स्वतः उठून पंखा वाढवला.

"मॅडम, तुम्ही ४१७ नाही, हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "कारखान्याच्या फाटकातून तुम्ही कधी आत गेलेल्या नाहीत. पण यंत्र तुमचं नाव घेतंय. का घेत असेल?"

डॉ. मोघे साठीच्या होत्या. त्यांनी आपलं यंत्र थोडक्यात समजावून सांगितलं. माणूस टंकताना कुठली कळ किती वेळ दाबून ठेवतो, एका कळेवरून दुसरीवर जायला किती वेळ घेतो, कुठे अडतो, कुठे मागे येऊन खोडतो, हे सगळं त्याच्या मज्जासंस्थेचं चित्र असतं. कंपवाताची चाहूल हात थरथरू लागण्याच्या कितीतरी आधी या चित्रात दिसते. त्यासाठीच हे मापन निघालं. मग लक्षात आलं, की अक्षराला वळण असतं तसं प्रत्येकाच्या या चित्रालाही असतं, आणि ते लपवता येत नाही.

"पण पाणीकोशाने कळांची नोंद ठेवलीच कशाला?" पारसनीसांनी विचारलं.

आणि इथे हर्षदा चुकली. सहा वर्षं नवख्यांना पायरीपायरीने समजावून देण्याची सवय. समोरच्याने प्रश्न विचारला की ती सांगायला लागे. ती सांगायला लागली.

एकाच पानावर एकाच वेळी अनेकजण लिहीत असतात, त्यांचं लिहिणं एकमेकांवर आदळू नये म्हणून प्रत्येक कळेची नोंद क्रमाने आणि वेळेसकट ठेवावी लागते. ती नोंद चित्रफितीसारखी पुन्हा चालवता येते. सोबत्यांनी त्याचा उपयोग शिकवायला केला. सोबत्याने पूर्वी लिहिलेलं एखादं चांगलं पान धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या कोऱ्या पानावर, फिकट अक्षरांत चालू करायचं. ते जसं उमटेल तसं पाहुण्याने त्यावरून टंकत जायचं. मुलं पाटीवर अक्षर गिरवतात तसं. आधी पुरावा, मग वाक्य, मग एकदा वाचणं, मग जतन. नियम पाठ करायला लागत नाहीत, हाताला लागतात.

"आम्ही त्याला गिरवणी म्हणतो," ती म्हणाली. "४१७ ने माझी चार पानं महिनोन् महिने गिरवली. म्हणून त्याचा हात माझ्यासारखा चालतो. झालं, एवढंच आहे!"

तिला फार मोकळं वाटलं. डॉ. मोघेंनी मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे त्याच्या हातावर तुमच्या हाताचा थर आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "आम्ही त्याची नोंद कारखान्याच्या अकराशे माणसांशी लावून बघितली होती. एकाशीही जुळली नाही. कारण वरचा थर तुमचा होता."

"मग तो थर काढता येईल?" पारसनीस.

डॉ. मोघेंनी चष्मा उचलून पुसायला घेतला.

"डॉक्टर?"

"वजा करता येईल. यांची म्हणून आमच्याकडे गिरवणीची ती चारच पानं आहेत. त्यांवरून जुळणी होते. वजाबाकीला पूर्ण हात लागतो. यांनी आमच्या पाटीवर तासभर मनाने काहीही टंकून द्यायचं. यांचं वळण वजा केलं की उरेल ते त्याचं स्वतःचं."

पारसनीस हर्षदाकडे वळून हसले. "उत्तम. तुम्ही सुटलात, मॅडम."

"आणि मी नमुना नाही दिला तर?"

"तर त्र्याण्णव टक्के आहेतच की. मग ४१७ तुम्ही." त्यांनी फाईल मिटली. "त्याचं जे काही व्हायचं ते मग तुमचं."

---

दुसऱ्या दिवशी दुकानासमोर एक मोटरसायकल थांबली. दोघं होते. एकाने पाच अश्वशक्तीची मोटर बांधायला किती दिवस लागतील ते विचारलं. उमेशने मोटर कुठे आहे म्हणून विचारलं. मोटर त्यांनी आणली नव्हती.

"वहिनी दिवसभर घरीच असतात का?" दुसऱ्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता गाडी सुरू झाली.

उमेशने दुकानाचं शटर अर्धं ओढलं. शिडी लावली आणि नाईकनवरे मोटर रिवायंडिंग ही पाटी काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली. अख्ख्या गावाला दुकान ठाऊक होतं. तरी काढली. मग पुण्याला वसतिगृहात असलेल्या मुलीला फोन करून, घराला रंग काढलाय, तू या सुट्टीत येऊ नकोस, असं सांगितलं.

"देऊन टाक नमुना," तो आत येऊन म्हणाला.

"मग तो सापडेल."

"कोण तो? नाव माहीत आहे तुला?"

"नाही."

"बाई आहे का बाप्या?"

"नाही माहीत."

"अगं, मग कोणासाठी मरायचं आपण? क्रमांकासाठी?"

हर्षदा भाजी निवडत होती. निवडलेली आणि न निवडलेली जुडी तिने एकत्रच केली होती, हे तिला आता दिसलं.

"त्याने पहिल्यांदा विचारलं होतं," ती म्हणाली, "की चूक झाली तर लोक रागावतात का. मी लिहिलं, इथे कोणी रागवत नाही, मी आहे ना. ते वाचून त्याने लिहायला घेतलं, अहो. नाहीतर गेला असता परत."

"शंभर जणांना लिहिलं असशील हे."

"हो. शंभरही जणांना तेच लिहिलंय."

रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली तसे दोघंही ती थांबते का ते ऐकत राहिले. थांबली नाही.

---

पुढच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, हर्षदा धूळपाटी उघडून बसलेली असताना पानाच्या कोपऱ्यात एक तांबडा ठिपका उगवला. शेजारी क्रमांक: ४१७.

खटला लागल्यापासून तो आला नव्हता. ठिपका जरा वेळ जागीच लुकलुकला. मग अक्षरं उमटायला लागली.

*ताई, मी त्यांना सांग*

सांगून टाकतो, सांगून टाकते, काय असेल ते. हर्षदा वाक्य बघत नव्हती. त्या अक्षरांखाली फिकट अक्षरं नव्हती. गिरवणी चालू नव्हती. भेदरलेला माणूस स्वतःच्या मनाने, स्वतःच्या हाताने लिहीत होता, आणि प्रत्येक कळ नोंदली जात होती. खोडलं तरी खोडल्याची नोंद होणार. चार ओळी झाल्या असत्या तर पारसनीसांना वजाबाकीची गरजच उरली नसती.

थांब, असं लिहून चाललं नसतं. त्याने "का?" असं विचारलं असतं.

सोबत्याला प्रवेशबंदीचा अधिकार असतो. आपल्या पाहुण्यावर तो कोणी वापरल्याचं हर्षदाने पाहिलं नव्हतं. तिने वापरला. कारण निवडल्याशिवाय बंदी लागत नाही. यादीतलं पहिलं कारण होतं उपद्रव. तिने तेच दाबलं. ठिपका विझला.

त्याच्या पडद्यावर काय दिसलं असेल ते तिला पाठ होतं, कारण त्या सूचनेचा मजकूर तिनेच काही वर्षांपूर्वी सुधारून दिला होता. *उपद्रवामुळे आपला प्रवेश कायमचा बंद करण्यात आला आहे.* खाली बंदी घालणाऱ्याचं नाव.

मी आहे ना, असं लिहिणाऱ्याचं नाव.

---

प्रत्येक सोबती आपल्या पाहुण्यांच्या कामाची प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवतो, चुका बघायला. हर्षदाकडे ४१७ ची सगळी पानं होती, कळ न् कळ. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तिने लॅपटॉपचं नेट बंद केलं, त्यातलं पहिलं पान फिकट अक्षरांत चालू केलं आणि त्यावरून टंकायला लागली.

सोबती पाहुण्याला गिरवत होता.

आधी जमेना. तिचाच हात तिला पुढे ढकलत होता. त्याच्यात तिचंच इतकं होतं, की वेगळं कुठे होतं ते सापडायला वेळ लागला. मग सापडलं. डाव्या करंगळीची अक्षरं नेहमी उशिरा पडत. तिथे करंगळी पोचतच नव्हती, शेजारचं बोट वाकडं होऊन तिथवर जात होतं. आणि आकड्याच्या आधी तो थांबे. खोली असो, तारीख असो, पाळी असो, आकडा आला की हात उचलला जाई आणि एक श्वास घेऊन खाली येई. हर्षदा कधीच थांबत नसे. दिवसभर दुकानातून नवरा आकडे ओरडायचा आणि ती लिहून घ्यायची. हा थांबत होता, कारण प्रत्येक आकड्याबरोबर तो स्वतःला थोडा उघडा करत होता. तीच पानं रोज पुन्हा पुन्हा टंकताना हे तिला बोटांनी कळलं.

नाव नाही, गाव नाही, बाई की बाप्या ते नाही. पण तो कुठे घाबरतो ते तिला कळलं होतं.

एकदा उमेशने कोणाचा तरी फोन नंबर विचारला. ती "नव्व्याण्णव" म्हणाली आणि पुढचा आकडा येईपर्यंत गप्प झाली. पुन्हा एक आकडा, पुन्हा गप्प. उमेश पेन धरून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर तिच्या हातातल्या कपाकडे गेली. डावी करंगळी कपापासून दूर, ताठ उभी होती.

"हर्षदा," तो म्हणाला, "हे काय करतेयस तू?"

तिने करंगळी खाली घेतली. थोड्या वेळाने ती आपोआप पुन्हा वर गेली. तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि सगळं सांगितलं.

उमेश ऐकून दुकानात निघून गेला. बराच वेळ लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. मग तो दारात आला. हातात एका मोटरचा गाभा होता. त्यावरचं तांबं हिरवं पडून ठिसूळ झालं होतं.

"कासारखेड्याच्या विहिरीतली आहे. गेल्या वर्षी आली होती," तो म्हणाला. "तुला आतलं कसं कळलं, असं विचारतील ते. माझं नाव सांग. नवऱ्याकडे अशा मोटरी येतात, त्यावरून शोधलं म्हणावं. बोअरची खोली मला मोजता येते."

"मग ते तुमच्याही मागे लागतील."

"लागलेतच की." त्याने गाभा खाली ठेवला. "पण हे झालं की तुझा हात परत तुझा होईल ना?"

तिला माहीत नव्हतं.

---

मोजणीची पाटी साध्या कीबोर्डसारखीच होती. हर्षदाने तासभर मनाने टंकलं: घराबद्दल, मुलीबद्दल, विहिरींबद्दल. डॉ. मोघे पडद्याकडे बघत होत्या. पारसनीस घड्याळाकडे.

वजाबाकी झाली. उरलं काहीच नाही.

"म्हणजे?" पारसनीसांनी विचारलं.

"म्हणजे यांचा हात आणि ४१७ चा हात एकच आहे. शंभरात नव्व्याण्णव." डॉ. मोघेंनी हर्षदाकडे पाहिलं. "गिरवणीच्या त्या चार पानांत मात्र हा हात थोडा वेगळा आहे. ती पानं कधीची?"

"सहा वर्षांपूर्वीची."

डॉ. मोघेंची नजर तिच्या डाव्या हातावर आली आणि तिथेच राहिली. हर्षदाला हात लपवावासा वाटला. लपवला असता तर संपलंच असतं.

"सहा वर्षांत हात बदलतो," डॉ. मोघे शेवटी म्हणाल्या आणि अहवालावर तसं लिहिलं.

पारसनीसांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "ठीक. मग जबानी घेऊन टाकू." यंत्राने उतरवलेली जबानी न्यायाधिकरण मानत नसे, माणसाने टंकलेली लागे. त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, "गुरव! या आत. बसा इथे." आणि हर्षदाला म्हणाले, "आमच्या पर्यावरण विभागातले आहेत. टंकन चांगलं करतात."

चाळिशीचा एक माणूस आत आला. त्याने कोणाकडे पाहिलं नाही. कीबोर्ड पुढे ओढून बसला.

"विचारतो ते लिहून घ्या. मॅडम, पाहुणा ४१७ या क्रमांकाने कोण लिहीत होतं?"

"मी."

कळा वाजायला लागल्या. तो तिचाच ठेका होता. आधीची ओळ एकदा वाचून मग पुढे जाणं, वाक्य संपल्यावरची ती छोटी उसंत. दुसऱ्या कोणाच्या तरी बोटांतून ती स्वतःला ऐकत होती. डावीकडचं एक अक्षर उशिरा पडलं. तिने तिकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती.

नाव तिने विचारलं नव्हतं. तरी ते तिला ऐकू आलं होतं.

"तुम्ही एकट्याच?" पारसनीसांनी विचारलं.

कळा थांबल्या. खुर्ची किंचित करकरली; कोणीतरी उठायच्या बेतात असावं तशी.

"एकटीच," हर्षदा घाईने म्हणाली. "मीच. माझे पती मोटरी दुरुस्त करतात, त्यावरून मला कळलं. दुसरं कोणी नाही. लिहून घ्या."

खुर्ची पुन्हा शांत झाली. सावकाश एकेक कळ पडू लागली. डॉ. मोघे आपली पाटी पेटीत ठेवत होत्या, टंकणाऱ्यापासून हातभर अंतरावर. त्यांचा हात पेटीच्या झाकणावर थांबला. त्यांनी मान थोडी तिरकी केली, आवाजाकडे कान देणाऱ्या माणसासारखी.

"बोअर किती खोल होतं?" पारसनीसांनी विचारलं.

आकडा. तिने सरळ सांगितला, तर या शांत खोलीत त्या कळा आकड्याच्या आधी थांबणार. एक श्वास. जन्मभर हेच ऐकत आलेली बाई शेजारी उभी होती.

खिडकीतून खाली फाटक दिसत होतं. फाटकापाशी उमेशची गाडी होती आणि तिच्या मागे ती मोटरसायकल.

"खोली," हर्षदा म्हणाली आणि स्वतःच थांबली.

कळा थांबल्या. तिने एक श्वास घेतला, त्याला लागतो तेवढाच, आणि मग म्हणाली, "चारशे दहा फूट."

कळा वाजल्या. डॉ. मोघेंनी टंकणाऱ्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. झाकण लावलं. खटका बसला.

"कुठल्या पाळीला सोडत होते?" पारसनीस.

"पाळी," हर्षदा म्हणाली, आणि पुन्हा त्याच्या आधी थांबली.